नुसतं बघितलं तरी मेंदूतली केमिस्ट्री बदलते, मग घाबरायचं का?

फॅमिली ग्रुपवर फिरणारा एक मेसेज तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. ‘स्क्रीनकडे बघितल्याने मुलांच्या मेंदूतली केमिकल्स बदलतात. परदेशी शास्त्रज्ञांनी मशीनमध्ये मोजून सिद्ध केलं आहे. प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोहोचवा.’ खाली लाल-पिवळ्या रंगात चमकणारा मेंदूचा फोटो. मेसेज वाचून आपण आधी मुलाच्या हातातला फोन काढून घेतो आणि मग स्वतःच्या फोनवरून तोच मेसेज आणखी तीन ग्रुपवर पाठवतो.

गंमत म्हणजे या मेसेजमधला एक तुकडा खरा आहे. आपण काहीही बघतो, तेव्हा मेंदूत काही पदार्थांचं प्रमाण खरोखर बदलतं आणि ते मोजताही येतं. फक्त त्यासाठी मोबाईलच लागतो असं नाही. गॅलरीतून दिसणारा पाऊस बघा, बाळाचा चेहरा बघा किंवा हा लेख वाचा, बदल होणारच.

मग हा बदल किती असतो? तो मोजतात कसा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बदल म्हणजे बिघाड का? चला, समजून घेऊया.

बघणं हे डोळ्यांपेक्षा मेंदूचं काम

आपण डोळ्यांनी बघतो असं म्हणतो, पण डोळे फक्त प्रकाश गोळा करून त्याचे संदेश आत पाठवतात. त्या संदेशांचा अर्थ लावण्याचं पहिलं मोठं काम मेंदूच्या मागच्या भागात होतं. झोपताना डोक्याचा जो भाग उशीला टेकतो, साधारण त्याच्या आत ही जागा आहे.

या कामाला इंधन लागतं. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण आराम करत असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो. त्याचं मुख्य इंधन म्हणजे रक्तातून येणारं ग्लुकोज आणि ते जाळायला ऑक्सिजन.

पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की ग्लुकोज आणि ऑक्सिजन दोन्हींचा खप सारखाच वाढत असेल. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले पीटर फॉक्स, मार्कस रायकल आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांना हलणारी नक्षी दाखवून हे तपासलं, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. बघण्याच्या भागात रक्तप्रवाह सुमारे ५० टक्क्यांनी वाढला, ग्लुकोजचा वापरही जवळपास तेवढाच वाढला. ऑक्सिजनचा वापर मात्र फक्त ५ टक्क्यांच्या आसपास वाढला.

म्हणजे ग्लुकोज भरपूर खर्च झालं, पण ते सगळं ऑक्सिजनने पूर्ण जळलं नाही. मग उरलेल्या ग्लुकोजचं झालं काय? जोरात धावताना आपल्या स्नायूंमध्ये अशा वेळी लॅक्टेट तयार होतं. मेंदूतही तसंच होत असेल का? हे तपासायचं तर जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूतलं लॅक्टेट मोजायला हवं, तेही कवटी न उघडता. इथेच आपल्या गोष्टीत ती मशीन येते.

फोटो नाही, पदार्थांची यादी

मशीन तीच, एमआरआयची. पण तिच्याकडून करून घेतलेलं काम वेगळं. नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूचा फोटो मिळतो. मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे एमआरएस केलं की मेंदूच्या एका छोट्या तुकड्यात कोणते पदार्थ किती आहेत, याचा आलेख मिळतो.

हे कसं जमतं? आपल्या शरीरात सगळीकडे हायड्रोजनचे अणू आहेत. तीव्र चुंबकात ठेवल्यावर त्यांची केंद्रकं एका ठरावीक रेडिओ लहरीला प्रतिसाद देतात, जणू प्रत्येकाचा एक सूर लागलेला असतो. हायड्रोजन एकच असला तरी तो कोणत्या पदार्थात, कोणत्या अणूंच्या शेजारी बसला आहे त्यानुसार त्याचा सूर अगदी किंचित चढतो किंवा उतरतो. पाण्यातल्या हायड्रोजनचा सूर वेगळा, लॅक्टेटमधल्याचा वेगळा, ग्लुटामेटमधल्याचा वेगळा. मशीन हे सूर ऐकते आणि कागदावर त्यांची शिखरं उमटतात. जागा सांगते पदार्थ कोणता, आणि शिखराखालचं क्षेत्रफळ सांगतं तो किती आहे.

ही युक्ती सापडण्यात एका भारतीयाचा वाटा आहे, हे फार थोड्या जणांना ठाऊक असतं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड या तिघांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा असा आलेख प्रसिद्ध केला. त्यात एकाऐवजी तीन वेगवेगळी शिखरं दिसली, कारण अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन तीन वेगळ्या जागी बसलेला असतो. डॉ. धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचा गट उभा केला.

अल्कोहोल काचेच्या नळीत शांत राहतं. मेंदूचं तसं नाही. मेंदूत पाणी इतकं असतं की त्याचा सूर बाकीच्या पदार्थांपेक्षा हजारो पट मोठा येतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारच्या काकूंची कुजबुज ऐकण्यासारखं हे काम आहे. म्हणून आधी पाण्याचा आवाज दाबावा लागतो, मग बाकीचे सूर ऐकू येतात.

लुकलुकणारा बुद्धिबळाचा पट

आता प्रत्यक्ष प्रयोग बघूया. समजा तुम्हीच त्यात सहभागी झाला आहात.

तुम्हाला मशीनच्या बोगद्यात पाठीवर झोपवलं जातं. कानात बोळे, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा. समोर एक छोटा पडदा किंवा आरसा. संशोधक तुमच्या मेंदूच्या मागच्या भागात साधारण २ सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा निवडतात, ढोकळ्याच्या लहान तुकड्याएवढा. मोजमाप फक्त त्या तुकड्यातलं.

सुरुवातीला काही मिनिटं समोर काहीच नाही, फक्त मध्यभागी एक ठिपका. मग बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी येते आणि तिच्यातले चौकोन सेकंदाला अनेकदा आपला रंग उलटसुलट करतात. तुम्ही फक्त बघत राहायचं. काही मिनिटांनी नक्षी जाते, पुन्हा ठिपका. पुन्हा नक्षी. लक्ष भरकटू नये म्हणून कधी कधी ठिपक्याचा रंग बदलला की बटण दाबायचं सोपं काम दिलेलं असतं.

एवढं कंटाळवाणं काहीतरी का दाखवतात? कारण सिनेमा दाखवला तर आठवणी, भावना, आवाज असं सगळंच मिसळतं. लुकलुकणारे चौकोन फक्त बघण्याच्या भागाला जोरात कामाला लावतात.

आणि इतकी मिनिटं का? एका वेळी मिळणारा सूर इतका क्षीण असतो की त्यातून काहीच कळत नाही. म्हणून दर काही सेकंदांनी तो पुन्हा पुन्हा नोंदवतात आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. त्या काळात तुम्ही डोकं थोडं जरी हलवलं, तरी मेहनत वाया जाऊ शकते.

२३ टक्के आणि ३ टक्के

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या जेम्स प्रिचर्ड यांच्या गटाने पहिल्यांदा दाखवलं की प्रकाशाची उघडझाप बघताना माणसाच्या मेंदूच्या मागच्या भागात लॅक्टेट वाढतं. म्हणजे १९८८ चा अंदाज बरोबर दिशेने होता.

पण लगेच टाळ्या वाजल्या नाहीत. इतर प्रयोगशाळांनी तेच करून बघितलं तेव्हा उत्तरं जुळेनात. कोणाला वाढ दिसली, कोणाला दिसली नाही. कारण साधं होतं. त्या काळच्या मशीनच्या मानाने हा बदल फार लहान होता.

खात्रीलायक आकडे यायला २००७ उजाडलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सिल्व्हिया मांजिया आणि सहकाऱ्यांनी ७ टेस्ला ताकदीचं चुंबक वापरलं. आपल्याकडच्या हॉस्पिटलमध्ये सहसा १.५ किंवा ३ टेस्लाची मशीन असते. ३ टेस्ला म्हणजेसुद्धा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६० हजार पट, यावरून ७ टेस्लाची कल्पना करा. चुंबक जितकं ताकदवान, तितके वेगवेगळ्या पदार्थांचे सूर एकमेकांपासून स्पष्ट सुटे होतात.

त्यांना काय दिसलं? नक्षी बघताना लॅक्टेट सुमारे २३ टक्क्यांनी वाढलं. मेंदूपेशी एकमेकींना जागं करण्यासाठी ज्या पदार्थाने निरोप देतात त्या ग्लुटामेटमध्ये सुमारे ३ टक्के वाढ झाली.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्या. मेंदूत लॅक्टेट मुळातच थोडं असतं, त्यामुळे २३ टक्के ऐकायला मोठं वाटलं तरी प्रत्यक्ष वाढ इवलीशी असते. आणि इतकं शक्तिशाली चुंबक लावून, माणसाला स्तब्ध झोपवून, जोरात लुकलुकणारी नक्षी मिनिटांमागून मिनिटं दाखवून ग्लुटामेटमध्ये दिसलेला फरक होता शंभरातला तीन.

शिखर उंच दिसलं म्हणून फसू नका

या कामातला एक सापळा सांगण्यासारखा आहे. बघण्याचं काम सुरू झालं की त्या भागात ताजं रक्त इतकं येतं की ऑक्सिजन सोडलेलं रक्त तिथे तुलनेने कमी उरतं. असं ऑक्सिजन नसलेलं रक्त चुंबकीय क्षेत्रात बारीकशी गडबड करत असतं. ते कमी झालं की गडबडही कमी होते आणि आलेखातली सगळीच शिखरं थोडी अरुंद आणि उंच दिसू लागतात.

म्हणजे पदार्थ कणभरही वाढलेला नसताना त्याचं शिखर उंच होऊ शकतं! म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक हा परिणाम आधी हिशेबातून वजा करतात आणि मगच ‘वाढलं’ असा शब्द वापरतात. नुसता आलेखाचा फोटो बघून निष्कर्ष काढणं तज्ज्ञालाही परवडत नाही, मग फॉरवर्ड केलेल्या फोटोची काय कथा?

मग लॅक्टेट वाढणं वाईट का?

दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक ॲसिड आणि हे लॅक्टेट एकाच घरातले. वर्षानुवर्षं लॅक्टेटला थकव्याचा कचरा समजलं गेलं. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखले की आजही अनेक जण त्यालाच दोष देतात. खरं तर व्यायाम थांबल्यावर ते तासाभरात ओसरतं. आपलं हृदय तर लॅक्टेट चक्क इंधन म्हणून वापरतं.

मेंदूपेशीही ते जाळू शकतात. १९९४ मध्ये ल्यूक पेलरिन आणि पिएर मॅजिस्ट्रेटी यांनी अशी कल्पना मांडली की मेंदूतल्या मदतनीस पेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवून काम करणाऱ्या पेशींना पुरवतात. हे नेमकं कितपत घडतं यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे. मात्र बघताना होणारी ही छोटी वाढ म्हणजे मेंदूला इजा, असं या प्रयोगांनी कुठेही म्हटलेलं नाही. जिना चढताना श्वास वाढतो, तसाच हा कामाचा हिशेब आहे.

याचा अर्थ मुलांना दिवसभर मोबाईल द्यावा असा अजिबात नाही. झोप कमी होणं, मैदान सुटणं, डोळ्यांवर ताण येणं ही कारणं पुरेशी आहेत. ती आपल्याला मशीनशिवायही दिसतात. त्यासाठी चुकीच्या विज्ञानाचा बागुलबुवा उभा करायची गरज नाही. मुलं मोठी होतात, खरं काय ते वाचतात आणि मग आपल्या बरोबर सल्ल्यांवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

आणि ते डोपामिन?

हल्ली कुठेही गेलं तरी डोपामिन हा शब्द कानावर येतो. रील्स बघून डोपामिन वाढलं, आठवडाभर फोन बंद ठेवून डोपामिन कमी केलं वगैरे. एमआरएसने ते मोजता येतं का? नाही. या पद्धतीने एखादा पदार्थ दिसायचा तर तो ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असावा लागतो. डोपामिन आणि सेरोटोनिन मेंदूत त्याहून कितीतरी कमी असतात, त्यामुळे त्यांचे सूर या मशीनला ऐकूच येत नाहीत. डोपामिनच्या अभ्यासासाठी शरीरात किरणोत्सारी औषध टोचून वेगळ्या प्रकारचं स्कॅन करावं लागतं आणि तेही अप्रत्यक्ष माहिती देतं.

म्हणून एखादं ॲप, पट्टा किंवा कोर्स तुमच्या मुलाचं डोपामिन मोजून दाखवत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा. बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू ‘वाचून’ देणाऱ्या महागड्या चाचण्यांचंही तेच. ठशांवरून मेंदूचं काम कळतं याला विज्ञानाचा आधार नाही.

डॉक्टरांनी स्पेक्ट्रोस्कोपी लिहून दिली तर

बघतानाचे हे बदल मोजणं अजून संशोधनापुरतं आहे, मायग्रेनसारख्या आजारांचा अभ्यास त्यातून होतो. पण साधं एमआरएस, ज्यात काहीही दाखवलं जात नाही, ते मोठ्या हॉस्पिटलमध्ये रोज होतं. तुमच्या घरातल्या कोणाच्या कागदावर ‘एमआरआय ब्रेन विथ स्पेक्ट्रोस्कोपी’ असं लिहिलेलं असेल, तर त्यामागची काही कारणं अशी असू शकतात.

मेंदूत गाठ दिसली की ती कर्करोगाची, क्षयाची की आणखी कशाची, हा प्रश्न पडतो. आपल्या देशात क्षयाच्या गाठी कमी नाहीत. अशा गाठीत चरबीचं शिखर ठळक दिसू शकतं, तर कर्करोगाच्या अनेक गाठींमध्ये कोलीनचं शिखर वाढलेलं असतं. जन्मताना बाळाला ऑक्सिजन कमी पडला असेल, तर लॅक्टेटच्या शिखरावरून मेंदूला किती झळ बसली याचा अंदाज घेता येतो. काही मुलांमध्ये बोलणं उशिरा येण्यामागे किंवा फिट्स येण्यामागे एक दुर्मीळ आनुवंशिक आजार असतो. त्यात क्रिएटिनचं शिखर जवळपास गायबच असतं. त्यातल्या काही प्रकारांवर तोंडाने क्रिएटिन देऊन उपचार करता येतात, त्यामुळे ते वेळेत कळणं मोलाचं.

फक्त आलेखावरून निदान होत नाही. डॉक्टर तो एमआरआयचा फोटो, रक्ताच्या तपासण्या आणि रुग्णाची लक्षणं यांच्यासोबत वाचतात. त्यामुळे रिपोर्टमधलं ‘लॅक्टेट पीक’ इंटरनेटवर शोधून रात्रभर जागं राहण्यापेक्षा सकाळी डॉक्टरांना विचारा.

जाताना हे लक्षात ठेवा

* एमआरआय आणि एमआरएसमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात. नुसत्या स्पेक्ट्रोस्कोपीसाठी इंजेक्शनही लागत नाही, पण सोबतच्या एमआरआयसाठी ते द्यावं लागू शकतं.
* मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांच्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं घरीच काढून ठेवा.
* पेसमेकर, कानात बसवलेलं यंत्र, शरीरातली क्लिप किंवा रॉड असेल तर आधी सांगा. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर तेही सांगा.
* मशीनचा आवाज मोठा असतो. घरातल्या वयस्कर माणसांना आणि मुलांना आधीच कल्पना द्या, म्हणजे ती दचकून हलणार नाहीत. लहान बाळांना कधी झोपेचं औषध द्यावं लागतं.
* स्पेक्ट्रोस्कोपीमुळे तपासणीची काही मिनिटं वाढतात. त्या मिनिटांत न हलणं सगळ्यात महत्त्वाचं.

पुढच्या वेळी मेसेज आला की

तो लगेच पुढे ढकलू नका आणि लगेच हसण्यावारीही नेऊ नका. स्वतःला चार प्रश्न विचारा. मोजलं नेमकं काय? किती बदललं, शंभरातले तीन की तीस? लोकांना काय दाखवलं होतं, मोबाईल की काळे-पांढरे चौकोन? आणि बदलाने नुकसान झालं, हे कोणी तपासलं का? चारपैकी एकाचंही उत्तर मेसेजमध्ये नसेल, तर तो तिथेच थांबवा.

हा लेख वाचतानाही तुमच्या डोक्याच्या मागच्या भागात थोडं जास्त ग्लुकोज खर्च झालं असेल आणि चिमूटभर लॅक्टेट वाढलं असेल. आता डोळे मिटून दोन मिनिटं शांत बसा. मग ग्रुपवर त्या मावशींना किंवा काकांना न दुखावता एवढंच लिहा, ‘बदल होतो हे खरं आहे, पण बदल म्हणजे बिघाड नव्हे.’